घर्षणाचा धडा

नववीच्या वर्गात अश्वजित सर घर्षण शिकवत होते. पुस्तकांनी भरलेलं कपाट त्यांनी दोघींना ढकलायला लावलं. ते ढिम्म हललं नाही. तिसरीनं हात लावला आणि कपाट सरकलं.

"पाहिलं? बल थोडंसं जरी कमी पडलं, तरी वस्तू जागची हलत नाही. अन् एक हात वाढला, की निघते."

मायच्या तेरवीनंतर आज पहिल्यांदाच शाळेत आलेली अपेक्षा उभी राहिली.

"सर, मायले झरीच्या दवाखान्यात न्यायले आलेली अँब्युलन्स चिखलात फसली, तवा आम्ही चाकाखाली कपाशीच्या पऱ्हाट्या टाकल्या. साऱ्या गावानं जोर लावला, तरी नाही हलली. म्हंजे थोडासाच कमी पडला असन का?"

सर फळ्याकडे वळले. "असं कसं सांगता येईल, बेटा? ढकलणारे किती होते, त्यावर आहे."

"बाबाले विचारलं, त्यायले आठवत नाही," अपेक्षा म्हणाली. "तुमच्या मोबाईलात पाहून मोजा ना, सर. आम्ही ढकलत होतो तवा व्हिडिओ तुमीच काढून राह्यले होते."