उलटा शिक्का

राजाभाऊंनी बाटलीतलं पाणी फुटपाथवर ओतलं, मिहिकाने ब्रश फिरवला आणि धुळीखालून शिक्का वर आला : कंपनीचं नाव, खाली १९९४.

"बाबा, धिस वन इज ऑल्सो अपसाइड डाउन." तिने फोटो काढला. फोनमधल्या तक्त्यात नाव, साल आणि शेऱ्याच्या रकान्यात 'डिफेक्ट' भरून मोकळी झाली.

इथे लोक मान वर करून टॉवरचे फोटो काढतात. राजाभाऊंची लेक सुट्टीच्या दिवशी शारजाच्या जुन्या गल्ल्यांतून मान खाली घालून फुटपाथच्या सिमेंटात दाबलेले कंत्राटदारांचे शिक्के टिपत फिरते. सोमवारी ही गल्ली फोडून नवी फरसबंदी व्हायची होती. राजाभाऊंचाही सुपरवायझरीचा व्हिसा खलास. महिनाअखेर कायमचे पुण्याला. आज ते 'फक्त ड्रायव्हर म्हणून' आले होते. तरी गाडीतून आधी उतरले ते तेच.

"असे उलटे किती सापडले?"

"नाइन्टीन. ऑल सेम कंपनी. समबडी वॉज व्हेरी केअरलेस."

राजाभाऊ खाकरले. "सोमनाथ. परभणीचा, माझ्या हाताखालचा. आणि केअरलेस नव्हता."

एवढं बोलायला त्यांना तीस वर्षं लागली होती.

"फुटपाथलगतची ही भिंत बुटकी. दुपारचं ऊन हिच्यावरून येतं. शिक्का रस्त्यावरून वाचता यावा असा आमचा नियम, म्हणून सगळे रस्त्याच्या बाजूला बसून दाबायचे. हा पठ्ठ्या भिंतीला पाठ करून बसायचा. आपली सावली ओल्या सिमेंटवर पडावी म्हणून. नाहीतर कडा तडकतात. बघ, तडकली आहे एक तरी?"

मिहिकाने बोट फिरवलं. अक्षरांच्या कडा नखाला लागत होत्या.

"डिड यू टेल द कंपनी?"

"कंपनीला मी कळवलं. रिपोर्टमध्ये शेरा लिहिला, तुझाच शब्द : डिफेक्ट. शिक्का त्याच्याकडून काढून दुसऱ्याला दिला."

बापाच्या खिशातला फोन मिहिकानेच काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर दर दिवाळीला सोमनाथच्या शुभेच्छा, खाली राजाभाऊंचे दोन जोडलेले हात. एवढाच व्यवहार.

"अगं, शेतात असेल तो आत्ता."

"बाबा. यल्ला, कम ऑन." तिने व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला सोमनाथ आला. राजाभाऊंनी मनात चांगलं लांबलचक जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच : "सोमनाथ, तो शिक्क्याचा रिपोर्ट चुकीचा होता. माझा."

तिकडे कुठेतरी मोटर चालू होती. सोमनाथने हाक मारून ती बंद करायला लावली.

"चुकीचाच व्हता, साहेब," तो म्हणाला. "बरं झालं, बोललात."

मग मिहिकाच पुढे झाली. "काका, पूर्ण नाव सांगा. नवीन कॉलम केलाय." एवढं सलग मराठी तिच्या तोंडून ऐकून राजाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं.

सोमनाथने नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. "पर त्यो शिक्का दावा तर खरं. हाय का अजून?"

राजाभाऊंनी रस्त्यावर उभं राहूनच फोन शिक्क्यावर धरला.

"तिथून न्हाई, साहेब. भिंतीकडं या."

शिक्क्यावर पाय पडू न देता राजाभाऊ पलीकडे गेले, गुडघ्यावर हात टेकत उकिडवे बसले. मिहिकाही शेजारी बसली. दोघांची सावली पुढे ओल्या सिमेंटवर पडली.

"हां," परभणीहून आवाज आला. "आता वाच, पोरी."