निघतानाचा शब्द

अमेरिकेत श्रूजबरीला मुलाकडे, सिद्धेशकडे, राहताना तिथल्या रीतींपेक्षा सुनेच्या, हन्नेकेच्या, डच रीतींशी जुळवून घेणे मला अधिक कठीण गेले. तिच्या माहेरी मनात असेल तेच बोलतात. पहिल्या दिवशी जेवताना मी संकोचाने "आता पोळी नको" म्हणालो आणि तिने शांतपणे डबा बंद केला.

"अहो बाबा, तिच्याकडे आग्रह नसतो. हवी असेल तर सरळ हो म्हणा!" सिद्धेश हसत म्हणाला.

पुढे मीही सरळ बोलू लागलो. एकच गोष्ट मात्र तिच्यापासून लपवली. "भारतात परत जा, पण त्यानंतर पुन्हा विमानप्रवास करू नका," असे हृदयाच्या डॉक्टरांनी बजावले होते.

"हन्नेकेला इतक्यात सांगू नकोस. हसत निरोप देऊ दे," मी सिद्धेशला विनवले.

विमानतळावर हन्नेकेने आपल्या रिवाजाप्रमाणे तीनदा माझ्या गालाला गाल लावला. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी सवयीने म्हणालो, "येतो हं, बाळ."



तिने आनंदाने फोनमधले कॅलेंडर उघडले आणि मोडक्या मराठीत विचारले, "कधी, बाबा?"