शेजारधर्म

तळघरातल्या फ्रीझरचं झाकण लाइलने उघडलं आणि तो तसाच उभा राहिला. मागे वकीलबाई बर्फाची पेटी दोन्ही हातांत धरून थांबल्या होत्या. मिल्वॉकीहून त्या एका पुडक्यासाठी आल्या होत्या. पांढऱ्या कागदातला, अर्धा उरलेला खिमा. पहिला अर्धा लाइलने मुलीच्या, टेसच्या, वाढदिवसाला अंगणातल्या शेगडीवर भाजला होता. त्यानंतर ती महिनाभर इस्पितळात होती. काल घरी आली, पण मूत्रपिंडं कामाला लागली नव्हती, आणि लागतील असं आता डॉक्टरही म्हणत नव्हते.

फ्रीझरमध्ये पुडकं नव्हतं. फ्रीझर मात्र कधी नव्हे इतका लखलखत होता. बर्फाची पुटं खरवडलेली, कोपरे पुसलेले, आणि आत झाकणबंद काचेच्या भांड्यांची चळत. बटाटे, चीज, मॅकरोनी. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर ज्या शेजारणीने ते आणलं तिचं नाव, म्हणजे परत करताना घोळ नको.

"कुठे ठेवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"इथेच. मटारांच्या खाली." मटारही नव्हते.

एवढ्यात जिन्यावरून हाक आली, "लाइल, आहेस का रे बाळा?" आणि पाठोपाठ मार्लिसकाकू उतरल्या. दार वाजवणं या गावात परकेपणाचं समजतात. शिवाय रविवारच्या शाळेत लाइलला बायबल त्यांनीच शिकवलं होतं.

"काकू, फ्रीझर तुम्ही साफ केलात?"

"मी, बर्निस आणि तिची सून. अख्खं घर ब्लीचने धुतलं. दमूनभागून इस्पितळातून यायचं आणि वर घाण बघायची, बरं दिसतं का ते?"

"त्यात एक पुडकं होतं. खिम्याचं."

"होतं तर. तेच आधी काढलं. त्यानेच बाधली ना पोर? म्हटलं, चुकून पुन्हा कुणी शिजवलं तर? कचऱ्यातसुद्धा नाही हो टाकलं. कुत्र्यांनी ओढलं असतं. मागच्या पिंपात जाळलं. पूर्ण राख होईपर्यंत मी स्वतः उभी होते, थंडीत."

वकीलबाईंनी पेटी जमिनीवर ठेवली. "त्या कागदावर दुकानाचा शिक्का होता?"

"असणारच. खिमा ऑरिनच्या मांसाच्या दुकानातलाच तो." मग काकूंना प्रश्न पडला. "आपण कोण?"

"लाइलची वकील."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. कुणाला कर्करोग झाल्याचं कळल्यावर त्या अशाच म्हणत.

"शिक्का तुम्ही पाहिलात, एवढंच कोर्टात सांगाल?"

काकूंनी भांड्यांकडे पाहिलं. "चष्मा वर राहिला होता बहुतेक माझा. आणि ऑरिन तसा माणूस नाही हो. त्याच्या वडिलांनी आमच्या लग्नाला अख्खं डुक्कर पाठवलं होतं."

वकीलबाई लाइलकडे वळल्या. "गावात आणखी कुणी आजारी पडलं होतं?"

"तिघाचौघांची पोटं बिघडली होती. डॉक्टरकडे कुणी गेलं नाही. ऑरिनला वाईट वाटलं असतं."

"मग टेसच्या पोटातला जंतू त्या दुकानातून आला हे मी कशावरून दाखवू? प्रयोगशाळेला मांस लागतं. ते नसलं की समोरचा वकील पहिलं हेच म्हणेल, बापाने नीट भाजलं नाही."

"आतून गुलाबीच होतं थोडं," लाइल म्हणाला. "तिला तसं आवडायचं."

"हे माझ्याजवळ बोललात ते बोललात. दुसऱ्या कुणाजवळ बोलू नका."

काकूंनी हा विषय आपल्यासाठी नाही अशा चेहऱ्याने फ्रीझरचं झाकण लावलं. "बरं, मी आले होते वेगळ्याच कामाला. इस्पितळाची बिलं काही कमी नसणार तुमची. तेव्हा टेससाठी आपण मांसाची सोडत ठेवतोय. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये, येत्या शनिवारी. लोक तिकिटं घेणार, दर फेरीला ज्याचा नंबर लागेल त्याला एक टोपली, स्टेक, सॉसेज, सगळं, आणि जमतील ते पैसे तुम्हाला. माल ऑरिन देतोय, फुकट. रडला रे तो माझ्यापुढे."

वकीलबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"शनिवारी ती डायलिसिसच्या मशीनवर असते," लाइल म्हणाला.

"मग रविवारी. ऑरिन म्हणालाच होता, लाइलला सोयीचा तो वार ठेवा."

लाइल काही बोलायच्या बेतात होता. त्याने वकीलबाईंकडे पाहिलं. त्या पेटीचं झाकण उघडून आतला बर्फ बघत होत्या. या गावात असल्या वाक्याला एकच उत्तर होतं आणि तेही काकूंनीच शिकवलेलं.

"त्याला माझे आभार सांगा," लाइल म्हणाला.

"सांगते की. आणि टेसला आणशील ना घटकाभर? काही बोलायला नको तिने, नुसती स्टेजवर बसू दे. पोर समोर दिसली की लोक तिकिटं जास्त घेतात."

लाइलने थोडा विचार केला.

"खुर्ची पाठीची ठेवा," तो म्हणाला. "स्टुलावर तोल जातो तिचा."