डब्याचा डोळा

जुन्या अँटेनावर टीव्ही दिसणं बंद होणार, म्हणून परगावच्या मुलाने टीव्हीला जोडायचा, इंटरनेटवर चालणारा नवा डबा पाठवला, तेव्हाच आप्पांच्या मनात पाल चुकचुकली. महिनोन्‌महिने साधा फोन न करणाऱ्याला आपल्या टीव्हीची एवढी काळजी?

"हा डबा माझ्यावर नजर ठेवतो," ते शेजाऱ्यांना सांगत. डब्यावर टॉवेल टाकून ठेवत आणि रिमोट चालेना की चडफडत टॉवेलचं टोक उचलत. शेजारी हसायचे.

एका संध्याकाळी खात्री करायला आप्पांनी टीव्ही लावलाच नाही. तासाभरात मुलाचा फोन.

"आप्पा, बरे आहात ना? आज टीव्ही बंद कसा?"

"सापडलास की नाही चोरा!" आप्पा गरजले.



दुसऱ्या संध्याकाळीही त्यांनी टीव्ही लावला नाही. फोन मांडीवर घेऊन बसून राहिले.