चाकातला अभ्रा

छोट्या विमानाच्या चाकात अडकलेलं काढणं, हे मेकॅनिकचं काम. परवा फांदी निघाली होती. आज अर्धा कावळा निघाला आणि मागोमाग उशीचा ओला अभ्रा.

"काका, गच्चीला घासून नेलं आज! दोरीवरचा अभ्रा उचलला, पण बाईच्या केसालाही धक्का नाही. याला म्हणतात हात!" वैमानिकाने टाळीसाठी हात पुढे केला.

कावळ्याची आली नव्हती एवढी शिसारी मेकॅनिकला आता आली. अभ्र्याला त्याच्याच जुन्या निळ्या शर्टाचं ठिगळ होतं. त्याने घरी फोन लावला.

"अहो, दोरीच गेली कपड्यांची!" बायको म्हणाली. "चिमटा पडला म्हणून मी वाकले होते, नाहीतर..."

वैमानिकाचा हात अजून पुढेच होता. मेकॅनिकने त्यावर अर्धा कावळा ठेवला.