मेंदूतली तार

अपघातानंतर बेशुद्ध असलेल्या दादाच्या मेंदूत डॉक्टरांनी एक बारीक तार बसवली होती. धाकट्या भावाने विचारलं, "यात मनातलं कळतं का हो?"

"नाही. मेंदूला ऑक्सिजन किती पोचतोय, साखर किती आहे, एवढंच या पडद्यावर दिसतं. मेंदूतला ऑक्सिजन वीसच्या वर हवा, आत्ता चोवीस आहे."

"म्हणजे राग आला तरी दिसणार नाही?"

"नाही."

डॉक्टर गेल्यावर तो दादाच्या कानाशी वाकला. "गाडी मी चालवत होतो, दादा. पण पोलिसांना तुझं नाव सांगितलंय."

पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा चोवीसवरच राहिला. धाकट्याला हायसं वाटलं.

महिन्याभराने दादा बोलायला लागला, तेव्हा हवालदार जबाब घ्यायला आला. गाडी कोण चालवत होतं, असं त्याने विचारलं.

दादाने धाकट्याकडे एकवार पाहिलं.

"मीच. ह्याला कुठे गाडी येते?"