रिकाम्या वर्गातला पाठ

बी.एड.चा तिचा शेवटचा सराव पाठ होता आणि नेमकी त्याच दिवशी शाळा लवकर सुटली.

"सर, वर्गात एकही मूल नाही. उद्या घेऊ का पाठ?"

"उद्या मला सवड नाही. बाकांना शिकवा," म्हणत प्राध्यापकांनी दाराशी खुर्ची ओढली आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं.

तिनं पस्तीस मिनिटं बाकांना अपूर्णांक शिकवले. शेवटी मात्र तिला राहवेना. "सर, अशानं मी शिक्षिका कशी होणार?"

"अहो, पदवी हातात पडली की सगळेच होतात. मी नाही का झालो?"

त्यांनी निरीक्षण वहीत शेरा लिहिला, सही ठोकली आणि ते निघून गेले. तिनं वही उघडली.

 

"मागच्या बाकांवरची मुलं फार बोलतात. वर्गावर वचक नाही. पाच गुण कमी."